ऑक्टाव्हियाचं हँडलिंग सुधारायचंय? कॉइलओव्हरच्या आधी बुशकडं बघ

भावा, तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल कशाबद्दल चाललंय. लातूरची गाडी, २०१६ ची स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय (१.८ लिटर टर्बो पेट्रोल), ९५ हजार किलोमीटर झालेत. तक्रारी तीन. जोरात ब्रेक मारला की नाक इकडंतिकडं जातं, समृद्धीवर ११० ला गाडी तरंगल्यासारखी वाटते, आणि मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर गाडी आधी कलंडते आणि मग वळते. एका गॅरेजवाल्यानं सांगितलं सगळे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं) पॉलीयुरेथेनचे, म्हणजे कडक प्लास्टिकसारख्या पदार्थाचे टाक आणि ४० एमएमनं गाडी खाली बसवणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरचा उंची बदलता येणारा जोड) घाल, दुसरा म्हणायलाय गाडीला काहीच झालेलं नाही, जुनी झाली की असंच होतं. तुला विचारायचंय यातलं खरं कोणाचं आणि पैसे आधी कशावर घालायचे.

माझं म्हणशील तर दोघांचंही ऐकू नको. मी संभाजीनगरला शेंद्र्याच्या बाजूला युरोपियन गाड्यांचं काम करतो, त्यातही सस्पेन्शनचं जास्त. २००१ पासून ऑक्टाव्हिया इथंच शेंद्र्यात जुळवल्या जायच्या, त्यामुळं आपल्या भागात या गाड्या भरपूर आहेत आणि त्यांची दुखणी आम्हाला पाठ झालीयत. तुझ्या गाडीची चेसिस मुळात लई चांगली आहे, पुढं मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे शॉक आणि स्प्रिंगचा एकच उभा खांब, मागं मल्टीलिंक, म्हणजे प्रत्येक चाक वेगवेगळ्या दांड्यांनी धरलेलं (१.४ वाल्यांना मागं टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा बीम येतो, तुझ्याकडं त्याहून चांगली गोष्ट आहे). तिचं हँडलिंग कमी पडत नाहीये, ते झिजलंय. आणि झिजलेल्या रबरावर कडक स्प्रिंग टाकली की गाडी कडक पण लागते आणि भरकटते पण, म्हणजे पैसे घालून दोन्हीकडून नुकसान.

आता बुश म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण सगळा खेळ तिथं आहे. बाहेर एक लोखंडी नळी, आत एक लोखंडी नळी, मधे रबर, आणि हे रबर दोन्ही नळ्यांना कारखान्यातच चिकटवलेलं असतं. आतली नळी बोल्टनं सबफ्रेमला (सस्पेन्शन जिला जोडलेलं असतं ती खालची चौकट) घट्ट आवळली जाते, बाहेरची आर्ममधे (चाकाला धरणाऱ्या दांड्यात) प्रेसनं बसवलेली असते. चाक वरखाली झालं की रबर पिळलं जातं, सरकत काहीच नाही, म्हणून त्याला ग्रीस लागत नाही आणि आवाजही येत नाही. कंपनीचा इंजिनिअर प्रत्येक बुशची कडकी वेगवेगळ्या दिशेनं वेगवेगळी ठेवतो, पुढंमागं मऊ, आडवं कडक, पिळायला सोपं असं काहीतरी. पुढच्या चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचा मागचा मोठा बुश बघितलास तर रबरात अर्धचंद्रासारख्या फटी दिसतील. ती खराबी नसते, मुद्दाम ठेवलेली असते, खड्ड्यात चाक आपटलं की ते किंचित मागं जावं आणि धक्का केबिनमधे येऊ नये म्हणून.

तुझी पहिली तक्रार बहुतेक इथूनच येतेय. ब्रेक मारला की रस्ता चाकाला मागं ढकलतो आणि तो जोर मुख्यतः याच मोठ्या बुशवर येतो. नवीन असताना तो मोजकंच मागं जाऊ देतो, दोन्ही बाजूला सारखं. रबर फाटलं की डावं चाक एवढं आणि उजवं तेवढं असं मागं जातं, दोन्हीचा टो (वरून बघितलं तर चाक आत-बाहेर किती वळलंय ते) बदलतो, आणि तू स्टिअरिंग सरळ धरलं तरी गाडी आपल्या मनानं थोडी वळते. ब्रेक सोडला की परत जागेवर. म्हणून कितीदाही अलायमेंट केलं तरी ही तक्रार जात नाही, कारण अलायमेंटच्या मशीनवर गाडी नुसती उभी असते, तिथं ब्रेक मारलेला नसतो. प्रिंटआउट सगळं हिरवं येतं आणि तो माणूस प्रामाणिकपणे सांगतो की तुझ्या गाडीला काही झालेलं नाही.

तपासायचं कसं ते सांगतो, तू समोर उभं राहून करवून घे. गाडी चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर घ्यायची, नाहीतर खड्ड्यावर. चाकं लटकलेली असताना रबर वेगळ्याच अवस्थेत ताणलेलं असतं, तेव्हा चीर दिसेलच असं नाही. एकानं आत बसून ब्रेक धरायचा, एकानं गाडी हातानं पुढंमागं ढकलायची आणि तिसऱ्यानं खालून टॉर्च मारून त्या मोठ्या बुशकडं बघायचं. रबर नळीपासून सुटलेलं असेल तर फट उघडताना आणि मिटताना स्पष्ट दिसते. मग टॉमी (लोखंडी पहार) घेऊन आर्म आणि सबफ्रेमच्या मधे हलकं पिळून बघायचं. हलकं म्हणतोय हे लक्षात ठेव, अंगाचा जोर लावला तर नवा बुशसुद्धा हलतो आणि काही गॅरेजवाले असंच दाखवून गिऱ्हाईकाकडून पार्ट खपवतात. पुढच्या छोट्या बुशला, बॉल जॉइंटला (आर्म आणि चाकाचा सांधा), टायरॉड एंडला (स्टिअरिंग आणि चाकाचा सांधा) पण त्याच फेरीत हात लाव. लिंक रॉड (गाडीचा कल आवरणाऱ्या बारला जोडणारी छोटी दांडी) गेली असेल तर छोट्या छोट्या खड्ड्यांवर खडखड येते, मोठ्या खड्ड्यात उलट येत नाही, ती लई स्वस्त वस्तू आहे, जोडीनं बदलून टाक. स्टिअरिंग पूर्ण वळवताना वरून टंग असा आवाज येत असेल किंवा वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून नीट सरळ होत नसेल तर टॉप माउंटचं (स्ट्रट वर बॉडीला जिथं धरलेला असतो तिथलं) बेअरिंग गेलंय.

एक गोष्ट आपल्याकडं खास बघायची. वॉशिंग सेंटरवाले गाडीच्या खाली डिझेल किंवा जुनं ऑइल फवारतात, गंज लागू नये आणि कुरकुर बंद व्हावी म्हणून. आवाज बंद होतो हे खरं, पण बुशचं रबर बहुतेक नैसर्गिक असतं आणि पेट्रोलियमचा कोणताही पदार्थ लागला की ते फुगतं आणि मऊ पडतं. वर आपला उन्हाळा, ४२-४३ डिग्रीत डांबराच्या वर बंपरखालची हवा किती तापत असेल विचार कर. पावसाळ्यापूर्वी गाडी धुवायला देतोस तेव्हा स्पष्ट सांग की खाली नुसतं पाणी मार, बाकी काही मारायचं नाही. मला याचा खरंच राग येतो, कारण चांगल्या गाड्यांचे बुश माणसं पैसे देऊन खराब करून घेतात.

आता बदलायचं ठरलं की पहिला निर्णय, रबर का पॉली. पॉलीयुरेथेनबद्दल लोकांचा मोठा गैरसमज आहे की ते म्हणजे रबराचं टिकाऊ रूप. कामच वेगळं आहे त्याचं. पॉली नळीला चिकटलेलं नसतं, आतली स्लीव्ह त्यात फिरते. म्हणजे ते बेअरिंगसारखं काम करतं, त्याला ग्रीस लागतं, आणि ग्रीस गेलं की कुंई कुंई सुरू. कडकपणा शोअर ए मधे मोजतात, साधारण रबर ६०-७० च्या आसपास, रस्त्यासाठीचं पॉली ८० च्या आसपास, ट्रॅकवाल्यांचं ९५ पर्यंत. जिथं आर्म फक्त एकाच आसाभोवती फिरतो तिथं पॉली मस्त चालतं, स्टिअरिंग लगेच टोकदार होतं, ब्रेकमधे नाक सरळ राहतं. पण जिथं बुशला फिरण्याबरोबर थोडं वाकावं पण लागतं तिथं पॉली अडकतं.

तुझ्या गाडीत अशी जागा म्हणजे मागच्या ट्रेलिंग आर्मचा पुढचा बुश. हा आर्म म्हणजे एक चपटी पट्टी असते, चाक पुढंमागं धरून ठेवायचं काम त्याचं, बाकी कॅम्बर (समोरून बघितलं तर चाक किती कललंय ते) आणि टो सांभाळायला आडव्या लिंक वेगळ्या आहेत. चाक वर गेलं की त्या आडव्या लिंक चाकाला थोडं आत ओढतात आणि मग ट्रेलिंग आर्मला पिळावं लागतं, वाकावं लागतं. तिथला मोठा मऊ रबर बुश यासाठीच आहे. त्या जागी कडक पॉली घातलं की मागचं चाक मोकळं वरखाली व्हायच्या ऐवजी झगडत होतं, खड्ड्यात मागून ठोका बसतो आणि घाटात खडबडीत वळणावर मागचा भाग उड्या मारतो. म्हणून 'सगळे बुश पॉली' हा सल्ला ऐकला की मी ओळखतो, या माणसानं ही चेसिस कधी उघडून बघितलेली नाही.

दुसरा मुद्दा धुळीचा. युरोपातल्या रस्त्यावर पॉलीला वर्षानुवर्षं हात लावावा लागत नाही असं लोक लिहितात, ते खरंही असेल, पण आपल्याकडं उन्हाळ्यात ती बारीक पांढरी धूळ आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, हे स्लीव्हमधे गेलं की ग्रीसचा सँडपेपर होतो. बसवताना सोबत आलेलं सिलिकॉन बेसचं ग्रीसच वापरायचं, साधं चेसिस ग्रीस नाही, आणि वर्षातून एकदा काढून साफ करून परत भरायची तयारी ठेवायची. तेवढी हौस असेल तरच पॉली.

तुझ्यासाठी माझा सल्ला असा की मागं सगळीकडं नवीन रबर, लेमफर्डर कंपनीचं किंवा स्कोडाचं ओरिजिनल. पुढं लोअर आर्मचा छोटा बुश रबरच. त्याच पुढच्या लोअर आर्मच्या मागच्या मोठ्या बुशच्या जागी पॉवरफ्लेक्स किंवा सुपरप्रो कंपनीचा रस्त्यासाठीचा पॉली चालेल, पण फक्त तूच गाडी चालवत असशील आणि केबिनमधे थोडी गुणगुण वाढली तर चालत असेल तर. घरातली माणसं जास्त बसत असतील तर तिथं पण रबरच घाल, नव्या रबरानंच तुला एवढा फरक पडेल की पॉलीची आठवण येणार नाही. त्याच वेळी इंजिनाच्या खालचा डॉगबोन माउंट, म्हणजे इंजिनाला पुढंमागं डुलू न देणारा आधार, तो पण बघून घे. तो ढिला असेल तर ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की ठक् होतं आणि लोक सस्पेन्शनला दोष देत बसतात.

आता फिटिंग. इथं मी जरा जास्त लिहिणार आहे कारण चांगले पार्ट आणूनही बुश वर्षाच्या आत फाटतात ते याच कारणानं. वर सांगितलं की रबराच्या बुशमधे आतली नळी बोल्टनं घट्ट धरली जाते आणि रबर पिळलं जातं. मग विचार कर, गाडी लिफ्टवर आहे, चाकं खाली लटकलीयत, आणि त्या अवस्थेत मेकॅनिकनं बोल्ट पूर्ण आवळला. रबराला वाटतं हीच आपली सरळ अवस्था. गाडी खाली उतरवली, चाक वर आलं, रबर कायमचं पिळलेलं राहिलं, मान वाकडी करून रात्रभर झोपल्यासारखं. वर प्रत्येक खड्ड्यात ते आणखी पिळतं, आणि काही महिन्यांत फाटतं. शिवाय ते पिळलेलं रबर स्वतःच एक जास्तीची स्प्रिंग होतं, गाडी थोडी उंच बसते आणि राइड कडक लागते, मग गिऱ्हाईक म्हणतं नवीन बुशनं गाडी बिघडवली.

बरोबर पद्धत अशी. गाडी जॅकवर घ्यायच्या आधी सपाट जमिनीवर उभी करायची, टायरची हवा बरोबर, डिकी रिकामी. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर टेपनं मोजायचं, चारही कोपऱ्यांचं, आणि खडूनं फेंडरवरच्या टेपपट्टीवर लिहून ठेवायचं. मग काम करायचं, सगळे बोल्ट नुसते लागतील एवढेच लावायचे. शेवटी हबखाली (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) जॅक लावून ते अंतर परत तेवढंच येईपर्यंत हब उचलायचा (गाडी लिफ्टवरून उचलली जायला नको म्हणून पट्टा बांधायचा) आणि मगच शेवटचा टॉर्क, म्हणजे आवळायचा ठरलेला जोर द्यायचा. ज्यांच्याकडं चाकांवर उभं राहायचा रॅम्प आहे त्यांना हे सोपं जातं, गाडी उतरवायची आणि खालून आवळायचं. पॉलीला याची गरज नाही कारण ते फिरतंच. दुसरं म्हणजे फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांना सस्पेन्शनचे बरेच बोल्ट टॉर्क अधिक अँगल पद्धतीचे (ठरलेल्या जोरानं आवळून मग ठरलेल्या कोनात फिरवायचे) आहेत, ते आवळताना ताणले जातात, म्हणून एकदाच वापरायचे. दरवेळी नवे. अंदाजानं आवळणाऱ्याला इथं हात लावू देऊ नको. बुश काढताना छन्नी-हातोड्यानं ठोकायला लागला तर तिथंच थांबव, आर्म वाकडा झाला की मग कुठलंच अलायमेंट बसत नाही. प्रेस नसेल तर लेथवाल्याकडं नेऊन प्रेसवर करायचं, आणि बुशची दिशा बघून, कारण त्या अर्धचंद्र फटी कुठल्या बाजूला याव्यात हे ठरलेलं असतं, त्यावर खूण असते. किंवा सरळ बुशसकट पूर्ण आर्म घे, थोडे जास्त पैसे जातात पण बॉल जॉइंटचं पण काम होतं.

जाता जाता, २०१० ला तेव्हाच्या औरंगाबादेत एका दिवशी दीडशे मर्सिडीज एकत्र घेतल्या गेल्या होत्या ते तुला आठवत असेल. त्या काळातल्या मर्सिडीज, बीएमडब्ल्यू आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडं आहेत आणि माझ्याकडं येतात तेव्हा इंजिन ठणठणीत आणि बुश सगळे संपलेले. बीएमडब्ल्यूच्या थ्री सिरीजला तर पुढच्या टेन्शन स्ट्रटच्या (चाक पुढंमागं धरणारा दांडा) बुशमधे तेल भरलेलं असतं, ते गळून गेलं की ८०-१०० च्या स्पीडला ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं आणि लोक डिस्कवर डिस्क बदलत बसतात. सांगायचं कारण, हा रोग फक्त तुझ्या गाडीला नाही.

दुसरी तक्रार, तरंगण्याची. हे काम शॉकचं. आणि याला आपल्या मराठवाड्याच्या जमिनीचं पण कारण आहे. खाली काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते, वरचा डांबरी रस्ता दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो. खड्डा नसतो पण रस्ता सपाट पण नसतो. समृद्धी काँक्रिटचा आहे पण पुलांच्या तोंडाला थोडंसं चढउतार लागतंच. आता हिशोब बघ, ११० ला गाडी सेकंदाला साधारण ३० मीटर जाते. लाट २५ मीटरची असली तर सेकंदाला १.२ लाटा. आणि साध्या कारचा बॉडी स्प्रिंगवर डोलायचा स्वतःचा वेग पण सेकंदाला एक ते दीडच असतो. म्हणजे रस्ता गाडीला बरोबर तिच्या तालात हलवतो, आणि हे हलणं मारायचं काम एकट्या शॉकचं. ९५ हजार किलोमीटरला शॉक गळत नसले तरी आतले व्हॉल्व आणि सील झिजलेले असतात. बोनेट दाबून सोडून बघायची ती टेस्ट यात काही सांगत नाही, त्यात फक्त पूर्ण मेलेला शॉक कळतो.

स्प्रिंग कडक करून हे तरंगणं जात नाही हे नीट समजून घे. कडक स्प्रिंगमधे जास्त ताकद साठते आणि ती परत फेकते, तिला आवरायला शॉक आणखी दमदार लागतो. जुन्या शॉकवर लोअरिंग स्प्रिंग म्हणजे गाडी आणखी उड्या मारणार.

कोणता घ्यायचा? ओरिजिनलला साक्स कंपनीचे पार्ट मिळतात, बिलस्टाइन कंपनीचा बी ४ पण तसाच, म्हणजे गाडी नवीन होती तशी होणार. त्याच्यावर बी ६, हा मोनोट्यूब (एकाच नळीचा) आहे, तुझ्याच उंचीच्या स्प्रिंगवर चालतो, चांगलाच घट्ट. मोनोट्यूबचा आपल्याकडं एक फायदा, पिस्टन ज्या नळीत चालतो तीच बाहेरच्या हवेला लागलेली असते म्हणून तेल लवकर थंड होतं, भर उन्हात लांब खराब पट्ट्यावर तो ढिला पडत नाही. बी ८ घेऊ नको, तो आखूड असतो, खाली बसवलेल्या गाडीसाठी. आणि कोनी कंपनीचा स्पेशल ॲक्टिव्ह, ज्यात बारीक जलद धक्क्यांना व्हॉल्व मोकळा होतो आणि बॉडीच्या हळू डोलण्याला घट्ट राहतो. आपल्या रस्त्यांवर, जिथं लाटा पण आहेत आणि उखडलेलं डांबर पण, मला हा सगळ्यात पटतो. आईवडील, लेकरं मागं बसत असतील तर कोनी. एकटाच जास्त फिरत असशील आणि घाटाची आवड असेल तर बी ६.

ऑर्डर करायच्या आधी दोन गोष्टी तपास. या प्लॅटफॉर्मला पुढच्या स्ट्रटचा खालचा व्यास ५० एमएम किंवा ५५ एमएम असा दोन प्रकारचा येतो, व्हर्निअरनं मोजून घे, नुसतं मॉडेल आणि साल सांगून मागवला तर हमखास चुकीचा येतो आणि परत करायला आठवडे जातात. डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात आणि सर्व्हिस बुकात एक स्टिकर असतो, त्यावर बारीक कोडची यादी असते, तिचा फोटो काढून पार्टवाल्याला पाठव. आणि आपल्याकडच्या बऱ्याच युरोपियन गाड्या कंपनीतूनच थोड्या उंच सेटअपवर येतात, त्यामुळं शॉक तुझ्या कोडनुसार जुळतोय का हे विचार, नाहीतर चाक खाली सुटताना शॉकचा शेवट लागून ठक् ठक् येतं.

शॉक दोन्ही बाजूचे जोडीनं, आणि त्याच वेळी टॉप माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉक पूर्ण दबला की टेकायचा रबरी ठोकळा) आणि धुळीपासून रॉड झाकणारं रबरी बूट सगळं नवं. हे सामान शॉकच्या मानानं किरकोळ आहे आणि मजुरी तीच लागते. बूट फाटका ठेवून नवा शॉक बसवला तर आपली धूळ रॉडवर बसते आणि सील कापून टाकते. जुन्या शॉकमधे तेल भरून देणारे पण भेटतील, तिकडं जाऊ नको, व्हॉल्विंग कशाचं कशाला जुळत नाही.

आता ते ४० एमएम खाली बसवणं. जालन्याच्या एका सळई व्यापाऱ्याची हीच गाडी माझ्याकडं आली होती, कुठून तरी स्वस्तातले कॉइलओव्हर बसवून. दिसायला झकास. पण पुढच्या दोन्ही टायरची आतली कड तारेपर्यंत गेलेली, बंप स्टॉप चिंध्या झालेले, आणि उंची ॲडजस्ट करायची चूडी चिखलानं अशी जाम की पान्यानं हलेना. त्याची तक्रार होती की वळणात गाडी मधेच एकदम सरळ निघते. कारण साधं आहे, गाडी एवढी खाली आणल्यावर शॉकला वर जायला जागाच उरत नाही, वळणात बाहेरचं चाक दबलं की बंप स्टॉपला टेकतं, तिथं एकदम दगडासारखं कडक होतं आणि पुढची पकड सुटते. दुसरं कारण डोळ्याला दिसत नाही. मॅकफर्सन गाडी खाली केली की लोअर आर्म वरच्या बाजूला कलतो आणि रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षा जास्त खाली जातं, म्हणजे झुकवणारा हात लांब होतो. गाडी खाली आली तरी झुकण्याची ओढ वाढते, आणि ती दाबायला मग आणखी कडक स्प्रिंग. त्याच्या गाडीला आम्ही ओरिजिनल स्प्रिंग, बी ६ आणि नवीन रबर घातलं. घाटात तो आता आधीपेक्षा निवांत जातो. आणि लातूर-अंबाजोगाई रोडला उसाच्या सीझनला ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या, रात्रीचे रंग न मारलेले स्पीडब्रेकर, तिथं ४० एमएम कमी करून फिरणं मला तरी जमलं नसतं. कॉइलओव्हर वाईट असतात असं नाही, चांगल्या कंपनीचे, उंची जवळपास ओरिजिनल ठेवून, ट्रॅकला जाणाऱ्यांसाठी ठीक. तुझं ते काम नाही.

तिसरी तक्रार, आधी कलंडते मग वळते. यातला अर्धा भाग वरच्या कामानंच जाईल, कारण वळताना पहिल्या क्षणी गाडी किती पटकन झुकते हे शॉक ठरवतो आणि चाक किती पटकन ऐकतं हे बुश. तरीही हवं असेल तर मागचा स्टॅबिलायझर बार (दोन्ही बाजूंची चाकं जोडून गाडीचा कल आवरणारी दांडी) थोडा जाड घाल. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, मागचा बार कडक केला की मागची बाहेरची बाजू जास्त भार घेते, पुढच्या टायरला मोकळीक मिळते आणि नाक वळणात जातं. पण जाडी जपून. बारची कडकी व्यासाच्या चौथ्या घातानं वाढते, २० चा २२ केलास तर २ एमएमच वाढले पण कडकी ४६ टक्के वाढली. जास्त जाड बारनं एका बाजूच्या खड्ड्याचा धक्का दुसऱ्या बाजूलाही जातो, डोकं डावीउजवीकडं हलत राहतं, आणि पावसात घाटात एकदम ॲक्सिलरेटर सोडला तर मागचा भाग सुटू शकतो. म्हणून हे सगळ्यात शेवटी, बाकी कामावर निदान एक पावसाळा गाडी चालवून झाल्यावर.

टायरबद्दल थोडक्यात. साइडवॉलवर चार आकडे असतात, आठवडा आणि साल, पाच-सहा वर्षांचे झाले असतील तर नक्षी कितीही शिल्लक असू दे, रबर कडक झालेलं असतं, आधी ते बदल. २०५/५५ आर १६ च ठेव. २२५/४५ आर १७ चा एकूण व्यास जवळपास तेवढाच येतो, ६३२ ला ६३४ एमएम, पण साइडवॉल ११३ वरून १०१ एमएमवर येतो, आणि आपल्या खड्ड्यांना तेच १२ एमएम रिम वाचवतात.

अलायमेंट सगळ्यात शेवटी, आणि चारही चाकांचं. तुझ्या मल्टीलिंकला मागं कॅम्बर आणि टो दोन्ही ॲडजस्ट होतं, तिथले एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवले की लिंक सरकते असे) बऱ्याचदा गंजून जाम असतात म्हणून लोक नुसतं पुढचं टो करून सोडून देतात. आधी मागचं बसवायचं, मग पुढचं, कारण मागची चाकं तिरकी असली तर स्टिअरिंग कधीच सरळ बसणार नाही. पुढं कॅम्बरला वेगळं ॲडजस्टमेंट नाही, सबफ्रेम थोडी सरकवून दोन्ही बाजू सारख्या करता येतात तेवढंच. झाल्यावर स्कॅनरनं स्टिअरिंग अँगल सेन्सरची बेसिक सेटिंग करून घे, नाहीतर ईएससीला (गाडी घसरू न देणाऱ्या सिस्टिमला) वाटतं तू सतत थोडं वळतोयस. हजारभर किलोमीटरनं रबर बसलं की परत एकदा प्रिंटआउट काढ.

कायद्याचं पण विचारलं होतंस. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधे गाडीच्या मूळ स्पेसिफिकेशनमधे बदल करण्यावर बंधनं आहेत. मूळ उंचीचे, त्याच कामाचे शॉक आणि बुश म्हणजे झिजलेल्या पार्टची बदली, गाडी खाली बसवणं ही वेगळी गोष्ट. काहीही वेगळं घातलं तर इन्शुरन्सवाल्याला कळवून ठेव आणि बिलं जपून ठेव.

तर पैसे या क्रमानं घाल: टायर जुने असतील तर ते, मग पुढचे-मागचे बुश आणि लिंक रॉड, मग शॉक आणि टॉप माउंट. जमलं तर बुश आणि शॉक एकाच वेळी उघड, मजुरी आणि अलायमेंट एकदाच लागतं. कॉइलओव्हरला जेवढे पैसे बाजूला काढलेस त्यात हे सगळं बसायला हरकत नाही.

काम लातूरलाच करायचं म्हणतोस तर गाडी इकडं आणायचा आग्रह नाही. फक्त तिथल्या मेकॅनिकला तीन गोष्टी विचार. बुश प्रेसनं काढणार का, बोल्ट नवे घेणार का, आणि आर्मचे बोल्ट शेवटचे कधी आवळणार. तिसऱ्याला तो न अडखळता म्हणाला, की गाडी खाली उतरवून वजनावर आल्यावर, तर चावी त्याच्याकडं दे.